कर्कश या शब्दाचा अर्थ

रिठद, ता. ५ सप्टेंबर २०२४

पंडित हरीओम यास रामकिसनचा नमस्कार.

पोळा झाला. बैल बरे हायेत, मीही बरा हाय. तू वाशीमात बसून पोरायले संस्कृत शिकवतो, म्हंजे तुही प्रकृती सांगायची गरज नाई.

फोन सोडून पत्र काहून लिहिलं, असं तू म्हनशीन. मी फोनवर बोलतो तवा पारावरचे लोक आपलं बोलनं थांबवून माहं ऐकते. अन् ही गोष्ट गुपित हाय. मी तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष झालो, हे तुले सांगतलं होतं. तू तवा हसला होता.

तर समितीकडे एक अर्ज आला. त्याच्यात लिहिलं हाय, 'अत्यंत कर्कश आवाजामुळे अर्जदाराची एकाग्रता भंग पावते.' एकाग्रता समजली, भंग समजला. कर्कशवर गाडी अडली. एक सदस्य म्हनते, कर्कश म्हंजे मोठा. आता मोठा असन तर तो तंटा कसा होईन? इथं लहान आवाज कोनाचा हाय? दुसरा म्हनते, कर्कश म्हंजे फाटका. तिसरा म्हनते, शिवी हाय, अर्जातून काढून टाका. शेवटी ठरलं, की माहा दोस्त वाशीमले शास्त्री हाय, त्याले इचारतो अन् मग निकाल देतो.

तवा नीट अर्थ लिहून पाठव. लवकर पाठव. अर्ज कोनाचा, कोनावर, ते इचारू नको. नाव बाहेर काढायचं नाई, हा नियम मीच केला हाय.

तुहा,
रामकिसन


वाशीम, ता. ९ सप्टेंबर २०२४

प्रिय रामकिसन,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून वसतिगृहातलंच आहे, तिफणीने ओढल्यासारखं. वाचताना पेरणी कुठे संपली आणि वखरणी कुठे सुरू झाली हे कळत नाही, पण पीक येतं.

इकडे परवा गल्लीत गणपती बसला. गणपतीबद्दल माझी तक्रार नाही. तो बिचारा स्वतः एवढे मोठे कान घेऊन त्या भोंग्याखाली बसला आहे. मी कानांत कापूस घालून चाचणीचे पेपर तपासतो. त्यामुळे तुझा प्रश्न अगदी वेळेवर आला. अर्ज कशावर आहे ते मी विचारत नाही. हंगामावरून ओळखता येतं.

आता अर्थ.

कर्कश हा मुळात कानाचा शब्द नाही, हाताचा आहे. जे हाताला खरखरीत, कठीण लागतं ते कर्कश. जुने कवी हत्तीच्या सोंडेची कातडी कर्कश म्हणतात. पुढे तो शब्द स्वभावाला लागला, आणि मग आवाजाला. म्हणजे ज्या आवाजाला हात लावून पाहिला असता तर सोलून निघाला असता, तो आवाज कर्कश. मोठा आणि कर्कश यांत तुमच्या सदस्यांनी गल्लत करू नये. ढग मोठा असतो, कर्कश नसतो. डास मोठा नसतो, पण रात्री कानाशी आला की त्याच्यावर अर्ज करावासा वाटतो.

उदाहरणं हवीत तर लिहून घे. गंजलेली करवत. वंगणाविना फिरणारं चाक. पत्र्यावरून ओढलेली पहार. गाढवाचं नाव लोक घेतात, पण ते अन्यायाचं आहे. गाढवाला निदान थांबायचं कळतं. खऱ्या कर्कश आवाजाला ते कळत नाही. त्याला विनंती करून उपयोग नसतो, समज देऊन उपयोग नसतो. त्याची वायर काढून ठेवावी, हा एकच निकाल.

अर्जदाराला माझा नमस्कार सांग. 'एकाग्रता भंग पावते' असं लिहिणारा माणूस रिठदमध्ये आहे, याचा मला आनंद झाला. माझ्या वर्गात असता तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

तुझा,
हरीओम


रिठद, ता. १७ सप्टेंबर २०२४

हरीओम,

बैठक झाली. मारुतीच्या सभामंडपात झाली, म्हंजे गाव होतं. तुहं पत्र मी मोठ्यानं वाचलं. वरचं माह्या अक्षराचं अन् गनपतीचं सोडलं, ते घरगुती होतं. 'आता अर्थ' इथून वाचलं. हत्तीच्या सोंडेपर्यंत लोक गप होते. करवतीले हसू लागले. वायर काढून ठेवावी म्हनलं तवा तर एक जन हसता हसता पायरीवरून खाली बसला.

आता नाव सांगतो. सगळ्यायले कळलं, तुलेच काहून नाई. अर्ज होता सोजरवैनीच्या आवाजावर.

माही चुलतवैनी. शिवमची माय. तू तिच्या वावरात जेवला हाय. भाऊ गेला तवा शिवम शाळेत होता. वैनीनं ते वावर निव्वळ आवाजावर चालवलं, असं आमी म्हनतो. पहाटे गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बायायले वावर निंदाले बोलावते, "उठल्या का वो, का मीच येऊ अंथरूण गोळा करायले?" अख्खं गाव त्या हाकेवर चूल पेटवते.

अन् अर्जदार तिची सून. निकिता. वाशीमची पोरगी, तुह्या शाळेतली. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करून राह्यली. रात्री घरचं आवरून पुस्तक धरते, पहाटे जरा डोळा लागते, की सासूची हाक. वैनीले तिनं दोन-तीनदा सांगतलं म्हने. वैनी म्हने, "बरं, हळू बोलतो." पन तिचं हळूही आपल्या मोठ्याच्या वरचं हाय.

वैनी समोरच बसली होती. सारं ऐकून तिनं इचारलं, "करवत म्हनलं का त्यानं?" मी म्हनलं, "व्हय, पन ते उदाहरन हाय वैनी." ती म्हने, "तो जेवून गेला तवा तर काई बोलला नाई." मंग पदर झटकला अन् उठून गेली.

तवापासून वैनी बोलत नाई. सुनेशी नाई, पोराशी नाई, ढोराशी नाई. सकाळी दारोदार जाऊन बायायच्या कड्या वाजवते. निकालाची गरजच राह्यली नाई. तंटा मिटला असं रजिस्टरात लिहावं का, ते सांग.

रामकिसन


वाशीम, ता. २२ सप्टेंबर २०२४

प्रिय रामकिसन,

तुझं पत्र वाचून मी चष्मा काढून ठेवला, पुसला आणि पुन्हा लावला. मजकूर तोच होता.

मी भोंग्याबद्दल लिहिलं होतं. जे 'घरगुती' म्हणून तू गाळलंस, त्यात भोंगा होता. भोंग्याला वायर असते, अध्यक्षमहाराज. सोजरवहिनींना नाही. वाचताना 'वायर' हा शब्द तोंडातून जात असताना तुला एकदाही अडखळल्यासारखं झालं नाही का? शाळेत नाटकात तू दुसऱ्याचे संवाद म्हणून मोकळा व्हायचास, तेव्हाही असाच अडखळत नसायचास.

चूक अर्धी माझी आहे. कोणाबद्दल विचारतोय हे न कळता मी उत्तर दिलं, आणि उत्तर देताना मला मजा येत होती. शिक्षकाला मजा येऊ लागली की वर्गात कोणीतरी रडत असतं, हे मला एव्हाना ठाऊक असायला हवं होतं.

वहिनींच्या वावरातलं जेवण मला आठवतं. त्यांनी बांधावरून "जेवाले या" अशी हाक मारली, तेव्हा शेजारच्या वावरातली दोन अनोळखी माणसंही हात धुऊन येऊन बसली होती. वहिनींनी त्यांनाही वाढलं.

आता हे त्यांना सांग. सभामंडपात नको, त्यांच्या दारात सांग, आणि वाचून दाखवू नकोस, बोल. कर्कश हा शब्द नेहमी निंदेचा नसतो. धनुष्याची दोरी घासून घासून धनुर्धराचा हात जो होतो, त्यालाही कर्कशच म्हणतात, आणि तिथे ती स्तुती असते. तर्कशास्त्रात ज्याच्यापुढे कोणी टिकत नाही त्याला तर्ककर्कश म्हणतात. मोठमोठे पंडित ते विशेषण मिरवत आले. म्हणजे कर्कशपणा कमवावा लागतो. एवढं सांग, आणि भोंग्याचं सांग.

तंटा मिटला असं लिहू नकोस. माणूस गप्प झालं म्हणजे तंटा मिटला, असं कोणत्याच शास्त्रात नाही.

तुझा,
हरीओम


रिठद, ता. २९ सप्टेंबर २०२४

हरीओम,

गेलतो. वैनी अंगनात डाळ निवडत होती. धनुष्य सांगतलं, पंडित सांगतले, भोंगा सांगतला. तिनं सारं ऐकलं. मंग गोठ्याकडे बोट केलं. मले वाटलं, गाय पाहायले सांगते. शिवम म्हने, "काका, ती म्हनते हे गाईले सांगा."

आता खरी अडचन सांगतो. सोयाबीन कापनीले आलं. दसऱ्याच्या मागंपुढं हडंबा लागन. तू शहरातला, तुले मळनीयंत्र म्हनलं की समजन, आमी हडंबा म्हनतो. ट्रॅक्टरवर पट्टा चढवला अन् तो सुरू झाला, की शेजारी उभा असलेला मानूस काय बोलते ते ऐकू येत नाई. त्याचा आवाज तुह्या व्याख्येत बरोबर बसते. शिवम हडंब्याच्या तोंडाशी उभा राहून पेंढ्या टाकते. गावातला ट्रॅक्टरवाला राजपाल ट्रॅक्टरवर, त्याची पाठ इकडे. भुशीत कोनाले कोन दिसत नाई. पेंढी अडकली, पट्टा सरकला, कोनाचा हात लई आत गेला, तर राजपालले कळावं कसं? इतकी वर्षं ते वैनी कळवत आली. ती दान्याच्या बाजूले उभी राह्यते अन् तिथून "बंद कर" म्हनते. हडंब्याच्या वरून फक्त तिचाच आवाज जाते. आमी हे कधी ठरवलं नाई. ती ओरडायची, राजपाल बंद करायचा.

राजपाल म्हने, शिट्टी बांधतो गळ्यात. बांधली. सुरू हडंब्यावर वाजवून पाह्यली. वाजवनाऱ्यालेच ऐकू आली नाई.

निकिताही सुखात नाई. परवा मले म्हने, "काका, आता घर इतकं शांत झालं की पुस्तक उघडते अन् आई काय करत असतील तेच ऐकत बसते." मी म्हनलं, मंग अर्ज मागं घे. तर म्हने, "मागे कसा घेऊ, त्रास खोटा होता का?" दोघीही बरोबर हायेत. अशा वेळी अध्यक्षानं काय करावं, ते तुह्या पुस्तकात असन तर पाय.

रामकिसन


वाशीम, ता. ४ ऑक्टोबर २०२४

चि. निकिता हिस आशीर्वाद.

मी तुझा संस्कृतचा शिक्षक. तू दुसऱ्या बाकावर बसायचीस आणि मी फळ्यावर चुकलो की हात वर न करता नुसतं बघायचीस. तुझा अर्ज मी ओळखायला हवा होता.

अर्ज मागे घे, असं सांगण्यासाठी हे पत्र नाही. झोप ही खरी गोष्ट आहे आणि परीक्षाही खरी आहे. सुनेने सासूचा आवाज सोसावा, असं मी शिकवलं नव्हतं आणि आता शिकवणार नाही. तू शिवी दिली नाहीस, शब्द शोधून लिहिलास. त्याला करवत आणि वायर मी जोडली. ती माझी भर आहे, तुझी नाही, आणि हे तू घरात सांगितलंस तर मला चालेल.

एकच विनंती. तू तो आवाज पहाटे, अंथरुणात, अर्धवट झोपेत ऐकला आहेस. शब्द अचूक आहे का हे ठरवायचं तर वस्तू तिच्या कामाच्या जागी पाहावी लागते. रामकिसन लिहितो की हडंब्यावर त्या आवाजाचा मोठा आधार होता. तो पत्र वाचण्यात चुकतो, तसा बघण्यातही चुकत असेल. तू एकदा वावरात जाऊन बघ आणि मला कळव. तुझ्या निरीक्षणावर माझा त्याच्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

अभ्यास सोडू नकोस.

हरीओम सर


रिठद, ता. १८ ऑक्टोबर २०२४

हरीओम,

पत्राले उशीर झाला. शिवम बरा हाय, हे आधी लिहितो, म्हंजे पुढचं तू नीट वाचशीन.

दसऱ्यानंतर वैनीच्या वावरात हडंबा लावला. मीही होतो. पहिली गंजी उतरली. वैनी दान्याजवळ, तोंडाले पदर बांधून. राजपाल ट्रॅक्टरवर. शिवमनं डोक्यावरचा दुपट्टा भुशीसाठी तोंडाभोवती गुंडाळला होता, त्याचा पदर सुटला. पेंढीसोबत तो पदर आत गेला.

मी पाह्यलं तवा शिवम वाकला होता, दोन्ही हात हडंब्याच्या पत्र्याले लावून मागं रेटून राह्यला होता. वैनीनं माह्या आधी पाह्यलं. मी तिच्याकडे पाह्यलं. तिनं पदर खाली ओढला, तोंड उघडलं. काई निघालं नाई. हरीओम, महिनाभर जो गळा बंद राह्यला, त्याच्यातून नुसती हवा निघाली. ती तोंड उघडं ठेवून ट्रॅक्टरकडे धावत सुटली. पन ट्रॅक्टर त्या टोकाले होता.

अन् मंग ते आलं. मले अजूनही त्याले आवाज म्हनावं का, ते समजत नाई. "बंद करा." राजपालनं मागं न पाहता ट्रॅक्टर बंद केला. हडंबा घरघरत घरघरत थांबला. शिवमच्या गळ्यावर दोरासारखा लाल वळ, बस तेवढंच.

धुऱ्यावर, वावराच्या कडेले, निकिता उभी होती. भाकरीचं फडकं पायाशी पडलं होतं. तू तिले पाहायले सांगतलं होतं म्हने, म्हनून डबा घेऊन आली होती.

राजपाल खाली उतरला. म्हने, "मले वाटलं सोजरकाकीच ओरडली."

वैनी आधी शिवमजवळ गेली, वळ पाह्यला. मंग सुनेजवळ गेली. निकिता काई बोलाले गेली तर तिचा गळा धरला होता, नुसतं फुसफुस. तवा वैनी बोलली. इतक्या दिवसातलं पहिलं बोलनं. आवाज घोगरा होता, पन गावाले समजन एवढा होता. म्हने, "गळ्यातून काढला वो. पोटातून काढ. गळ्यातून काढशीन तर दर वेळी असा बसन."

अन् सुनेले हाताले धरून झाडाखाली बसवलं, पानी पाजलं.

मी आता रजिस्टरात काय लिहू?

रामकिसन


रिठद, ता. २७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर, सादर नमस्कार.

आपण निरीक्षण कळवायला सांगितलं होतं. उशीर झाला. गळा अजून पूर्ण सुटलेला नाही. हळद घालून दूध घेते. आई घेऊन येतात आणि ग्लास रिकामा होईपर्यंत उभ्या राहतात.

ओरडले तेव्हा तो माझाच आवाज आहे हे मला कळलं नव्हतं. मलाही आई ओरडल्या असंच वाटलं. मग बघितलं तर त्या धावत होत्या आणि त्यांचं तोंड उघडं होतं. ते मी विसरू शकत नाही. तो आवाज मी बंद केला होता, सर. अर्ज खरा होता, तरीही.

दुसऱ्या दिवशी मी रामकिसनकाकांकडे अर्ज मागे घ्यायला गेले. मागून आई आल्या. म्हणाल्या, "मागं कायले घेते? झोप तुही मोडत होती ना? मंग अर्ज राहू दे, तोड काढा." बराच वेळ वाटाघाट झाली. परीक्षा होईपर्यंत आई पहाटेची हाक गल्लीतून नाही, गोठ्यापलीकडून मारतील. वावरात आणि हडंब्यावर त्यांच्या आवाजाला कोणाचीही मनाई नाही. आणि हंगामात रोज एक वेळ मी दाण्याच्या बाजूला उभी राहायचं आणि शिकायचं. ही अट त्यांची.

काका म्हणाले, समजुतीच्या कागदात 'कर्कश' शब्द ठेवू नये, वहिनींना लागला होता, त्याऐवजी 'मोठा' लिहू. मीही हो म्हटलं. आई नाही म्हणाल्या. "तो शब्द राहू दे. पोरीनं शोधून लिहिला हाय. मोठा तर रामकिसनचाही हाय, त्यानं कधी हडंबा बंद झाला नाई."

कागदाचा मजकूर आपण लिहून द्यावा, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

आपली विद्यार्थिनी,
निकिता


वाशीम, ता. ५ नोव्हेंबर २०२४

श्रीमती सोजरबाई यांस सादर नमस्कार.

सोबत समजुतीचा मजकूर पाठवतो आहे. त्यात एकच वाक्य माझं आहे, बाकीचं निकिताच्या पत्रातून जसंच्या तसं घेतलं. ते वाक्य असं: 'श्रीमती सोजरबाई यांचा आवाज कर्कश आहे, आणि तो तसाच राहावा, असे अर्जदार, समिती व समस्त गाव यांचे मत आहे.' त्यात बदल हवा असेल तर कळवावं. मी सुचवणार नाही.

आवाज कोणाचा हे न विचारता मी लिहिलं. आठवणीतला तुमचा आवाज जेवायला बोलावणारा होता, तो मोजायला मी विसरलो. करवतीबद्दल रामकिसनला दोष देऊ नये. तो वाचत होता, लिहिलं मी होतं.

दिवाळीची सुट्टी आहे. एक दिवस रिठदला यावं म्हणतो. तुमची परवानगी असेल तर रामकिसनकडून दोन ओळी याव्यात, म्हणजे सकाळची बस धरता येईल.

आपला,
हरीओम


रिठद, ता. ११ नोव्हेंबर २०२४

हरीओम,

वैनीले तुहं पत्र वाचून दाखवलं. यावेळी वरपासून वाचलं, काई सोडलं नाई. मजकूर पसंत हाय. निकितानं सही केली, वैनीनं केली, रजिस्टरात तंटा मिटला लिहिलं.

येन्याबद्दल इचारलं, तर वैनी म्हने, "दोन ओळीचं पत्र कायले पाठवता? खर्च नका करू. त्याले म्हना, रोज सकाळी वाशीमले खिडकी उघडी ठेव. सैपाक झाला की मी इथूनच बोलावतो."

रामकिसन